चाकांवरचे घर आणि हिवाळ्याची रात्र



पौषातल्या थंडीत गावाबाहेरच्या माळावर घिसाड्यांची गाडी उतरलेली तुम्ही पाहिली असेल. जू जमिनीला टेकलेले, गाडीखाली गोधडीत गुरफटलेली पोरे, आणि शेजारी भात्याची फूंफूं. शाळेला जाताना आपण घटकाभर थांबून लाल झालेले लोखंड पाहतो, विळ्याला धार लावून घेतो आणि पुढे जातो. पण आदल्या रात्री ही माणसे निजली कशी असतील, हा प्रश्न आपल्याला फारसा पडत नाही. मला आज त्या रात्रीविषयीच बोलायचे आहे. मात्र ती आपल्या माळावरची रात्र नव्हे. जगात ज्यांनी घरालाच चाके लावली आणि ते घर घेऊन बर्फाच्या हिवाळ्यात मुक्काम केला, त्यांच्या रात्रीची ही हकीकत आहे.

अमेरिकेत आणि युरोपात मोटारीमागे जोडून न्यायचे एक छोटे घर असते. त्याला अमेरिकेत ट्रेलर म्हणतात. ट्रेलर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे ट्रॅक्टरमागे उसाने शिगोशीग भरलेला ट्रेलर येतो. त्याच्यावर चार भिंती, छप्पर, खिडक्या, निजायला फळ्या, स्वयंपाकाला ओटा आणि एक चूल आहे अशी कल्पना करा, म्हणजे चित्र पुरे झाले. उन्हाळ्यात अशा घरातून हिंडण्यात मौज असते, तेव्हा खिडक्या सताड उघड्या असतात. खरी परीक्षा होते ती हिवाळ्यात, पारा गोठणबिंदूच्या खाली उतरला म्हणजे.

आता तुम्ही म्हणाल, यात परीक्षा कसली? दार लावावे, चूल पेटवावी आणि पांघरूण घ्यावे. मलाही पूर्वी असेच वाटे. पण थोडा हिशेब मांडून पाहा. निजलेला माणूसही रात्रभर श्वासातून आणि त्वचेतून पाणी बाहेर टाकीत असतो. ते पाव लिटर तरी सहज भरते. चार माणसे निजली की लिटरभर पाणी हवेत मिसळले. त्यात गॅसची उघडी शेगडी पेटवली, तर एक किलो प्रोपेन जळताना दीड किलोहून अधिक पाण्याची वाफ होते. आपल्या मोठ्या घरात ही वाफ कौलांच्या फटींतून निघून जाते, कळतही नाही. पण आठ-दहा फुटांच्या बंद पेटीत ती जाणार कुठे? ती गार भिंतीवर बसते, ओघळते, गादीखाली जिरते, पहाटे खिडकीच्या काचेवर आतून बर्फ होऊन चिकटते. बाहेरच्या थंडीने नव्हे, तर आपल्याच श्वासाने माणूस ओला होतो. ही वाफ बाहेर घालवायला खिडकी उघडावी, तर ऊब जाते. खिडकी लावावी, तर विस्तवाचा विषारी वायू आत कोंडतो. चाकांवरच्या घराचा सारा हिवाळी इतिहास म्हणजे कुठे आणि केवढी फट उघडी ठेवायची या एका प्रश्नाचा इतिहास आहे, असे म्हटले तर वावगे होणार नाही.

हा प्रश्न ज्यांनी आधी सोडवला, ते होते मध्य आशियाच्या गवताळ मैदानांतले मंगोल. इ. स. १२५३ साली विल्यम ऑफ रुब्रुक नावाचा एक ख्रिस्ती साधू त्यांच्या मुलुखात गेला. त्याने जे जे पाहिले ते मापून लिहून ठेवले, हे त्याचे आपल्यावर मोठे उपकार. मंगोलांची घरे गोल, लाकडी कामट्यांच्या सांगाड्यावर लोकरीचे जाड आच्छादन घातलेली. हे कापड विणीत नाहीत. लोकर ओली करून थापतात, म्हणजे आपल्याकडे ज्याला जेन किंवा बुरणूस म्हणतात त्या जातीचे. काही घरे तर तीस फूट रुंदीची असत आणि ती न मोडता, जशीच्या तशी गाड्यावर चढवून नेत. रुब्रुकने एका गाड्याच्या दोन चाकांमधले अंतर मोजले, ते वीस फूट भरले. त्या एका गाड्याला बावीस बैल, अकरा-अकराच्या दोन रांगांत. आणि आस केवढा, तर जहाजाच्या डोलकाठीएवढा! आपला बैलगाडीवाला शेतकरी हे ऐकून हसेल, पण खिल्लार जोडी हाकताना जो घाट अवघड वाटतो त्यावरून बावीस बैलांच्या मेळाची कल्पना त्यालाच येईल, आम्हा पुस्तकवाल्यांना नव्हे.

पुढच्या प्रवासाला निघताना रुब्रुकच्या वाटाड्याने त्याला साफ सांगितले की वाट चार महिन्यांची आहे आणि तिकडे थंडीने दगड आणि झाडे तडकतात. झेपेल का ते बघा. साधूच्या पंथाचा नेम अनवाणी चालण्याचा. त्याने तो नेटाने चालवून पाहिला. डिसेंबरच्या अखेरीस तो मोंगके खानाच्या तळावर पोचला तेव्हा त्याच्या पायांची बोटे गारठून गेली आणि नेम सोडावा लागला. तिथली माणसे हिवाळ्यात कातड्याचे दोन अंगरखे घालीत, एकाची लव आत अंगाला, दुसऱ्याची बाहेर वाऱ्याला. घराच्या मधोमध विस्तव, जळण बहुधा शेणाचे. आणि बरोबर विस्तवाच्या डोक्यावर, छपराच्या शेंड्याला, एक गोल भोक. धूर, वाफ, माणसांचा श्वास, सगळे तिथून वर जाई. इतक्या भयंकर थंडीच्या मुलखात त्या लोकांनी घराच्या माथ्यालाच भोक ठेवले होते. याला अडाणीपणा म्हणू नका. शेकडो हिवाळे काढून ते शहाणपण आले होते.

तिथून आपण एकदम सहाशे वर्षे पुढे आणि पार पश्चिमेला, इंग्लंडमध्ये येऊ. तिथे रोमा लोक फिरत असत. यांचे पूर्वज सुमारे हजार वर्षांपूर्वी वायव्य हिंदुस्थानातून बाहेर पडले, हे त्यांच्या भाषेवरून पंडितांनी सिद्ध केले आहे. पाण्याला ते पानी म्हणतात आणि विस्तवाला याग. वाट तुडवीत तुडवीत युरोपच्या टोकाला गेलेल्या माणसांच्या तोंडी आपले हे दोन शब्द टिकून राहावेत, याचे मला नेहमी नवल वाटते. आधी ही मंडळी वाकवलेल्या फोकांवर कापड टाकून पाले ठोकीत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून ती घोड्याच्या गाडीतच घर करू लागली. गाडीला ते वार्डो म्हणत. आत एक छोटी लोखंडी चूल आणि तिचे धुराडे छपरातून वर काढलेले. काही जातीच्या गाड्यांचे छप्पर मधल्या भागात हातभर उचललेले असे, आणि त्या उंचवट्याच्या बाजूंना छोट्या उघडझाप खिडक्या. कोंदट हवा वर चढून तिथून निघून जाई आणि निजलेल्याच्या अंगावर झोत येत नसे. मंगोलांच्या भोकाचेच हे सुधारलेले रूप, जरी एकाने दुसऱ्याचे पाहून केलेले नव्हे.

या वार्डोत एक बारीक गोष्ट आहे. धुराडे नेहमी गाडीच्या उजव्या अंगाला असे, डाव्या अंगाला कधी नाही. असे का? मी हा प्रश्न वर्गात विचारीत असतो. त्याचे उत्तर शेवटी सांगेन, तोवर शाळेतल्या गुरुजनांनी मुलांना विचारून पाहावे.

हौसेखातर असल्या गाडीत राहणारा जो एक नामांकित गृहस्थ झाला, तो गॉर्डन स्टेबल्स. आरमारातला निवृत्त डॉक्टर, मुलांसाठी साहसकथा लिहिणारा. १८८५ साली त्याने ब्रिस्टल शहरातल्या कारखान्याकडून ‘वाँडरर’ नावाची गाडी बांधून घेतली. महोगनीचे लाकूड, आत पुस्तकांची फळी, सगळा थाट. दोन घोडे ती ओढीत आणि त्याचा नोकर तीनचाकी सायकलवरून पुढे जाऊन समोरच्या वाहनांना सावध करी. या थाटात स्वारी इंग्लंडच्या दक्षिणेतून थेट स्कॉटलंडमधल्या इन्व्हरनेसपर्यंत गेली. पण केव्हा? उन्हाळ्यात! त्याच रस्त्यांवर रोमांच्या गाड्या बाराही महिने असत. डॉक्टरसाहेबांनी लिहिलेले पुस्तक गाजले, आणि पुढे १९०७ साली अशा हौशी मंडळींचा क्लबही निघाला. रोमा मात्र जिथे जातील तिथून हुसकले जात राहिले.

आता अमेरिकेकडे वळू. मोटार आली तशी तिच्यामागे घरही आले. १९१९ साली फ्लॉरिडातल्या टँपा शहराच्या एका बागेत ‘टिन कॅन टूरिस्ट’ अशी मजेदार संघटना निघाली. डब्यातले अन्न खाऊन मोटारीने हिंडणारे लोक म्हणून हे नाव, आणि मोटारीच्या तोंडावर पत्र्याचा डबा लावायचा ही त्यांची खूण. यांनी हिवाळ्याचा प्रश्न सगळ्यांत सोपा सोडवला. थंडी पडली की घर घेऊन दक्षिणेला जायचे. पाखरे करतात तेच.

दहा वर्षांनी, १९२९ साली, डेट्रॉइटचा आर्थर शर्मन नावाचा जंतुशास्त्रज्ञ मुलाबाळांना घेऊन सुटीवर निघाला. मागे घडीचा तंबू असलेली गाडी होती. पाच मिनिटांत उभा राहतो म्हणून विकलेला तो तंबू पावसात तासभर उभा राहीना. वैतागून त्याने सुताराकडून सहा फूट रुंद आणि नऊ फूट लांब अशी एक साधी पेटी करून घेतली. आत बाकडी, फडताळ, बर्फपेटी आणि चूल. १९३० च्या जानेवारीत त्याने ती डेट्रॉइटच्या मोटार-प्रदर्शनात ठेवली आणि शंभराच्या वर मागण्या आल्या! १९३६ पर्यंत त्याचा कारखाना त्या धंद्यात अमेरिकेत पहिला झाला. त्याच वर्षी कॅलिफोर्नियात वॉली बायम याने ‘एअरस्ट्रीम क्लिपर’ नावाचे ॲल्युमिनियमचे चकचकीत घर काढले. किंमत १२०० डॉलर. त्याने पत्र्याच्या आत ऊब धरणारे अस्तर घातले होते. ते घालणे भागच होते, कारण ॲल्युमिनियमसारखी उष्णता पळवणारी वस्तू दुसरी क्वचितच असेल. पण पत्रा जितका हवाबंद, तितकी आतली कोंडी वाढते हे विसरून चालत नाही.

ही कोंडी माणसाला कुठवर नेते ते त्याच सुमारास पृथ्वीच्या दक्षिण टोकाला दिसले. ती गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही, जरी त्या घराला चाके नव्हती. त्याचे तुकडे घसरगाड्यांवर लादून ट्रॅक्टरने ओढून नेले होते. १९३४ सालच्या मार्चअखेरीस रिचर्ड बर्ड हा अमेरिकन नौदल अधिकारी मुख्य तळापासून सुमारे दोनशे किलोमीटर आत, बर्फात पुरलेल्या एका खोलीत एकटा राहिला. हिवाळाभर हवामानाच्या नोंदी करायच्या होत्या. खोली जेमतेम तेरा फूट बाय नऊ. बाहेर पारा शून्याखाली पन्नास सेल्सिअसच्याही खाली उतरे. आत तेलाची शेगडी आणि बिनतारी संदेशासाठी एक छोटे इंजिन. धुराड्यात आणि हवेच्या नळ्यांत बर्फ साचत गेला आणि कार्बन मोनॉक्साइड वायू खोलीत कोंडू लागला. या वायूला वास नाही, रंग नाही. आपले रक्त प्राणवायूपेक्षा शेकडो पटींनी अधिक ओढीने त्याला धरते. मे महिन्याच्या अखेरीस बर्ड बेशुद्ध पडता पडता वाचला.

पुढचे दोन महिने त्याने कसे काढले असतील! शेगडी पेटवावी तर विष, विझवावी तर मरण. तो दिवसातले कित्येक तास शेगडी विझवून झोपण्याच्या पिशवीत पडून राही. मुख्य तळाला त्याने काही कळू दिले नाही, कारण त्या अंधारात सुटकेला येणारी माणसेच वाटेत मरतील अशी त्याला धास्ती. पण त्याचे संदेश अडखळू लागले, त्यावरून तळावरच्यांना संशय आला. अखेर ऑगस्टमध्ये थॉमस पोल्टर नावाचा शास्त्रज्ञ दोन सोबत्यांसह ट्रॅक्टर घेऊन पोचला. बर्डची तब्येत इतकी ढासळली होती की त्याला हलवायलाही आणखी दोन महिने जावे लागले.

आपल्याकडे बाळंतिणीच्या खोलीत कोळशाची शेगडी ठेवून दारे-खिडक्या घट्ट लावायची रीत होती, कुठे कुठे अजूनही आहे. बर्डची गोष्ट मी सांगतो ती त्या खोलीसाठीही सांगतो. खोलीला वरच्या अंगाला वीतभर झरोका उघडा असलाच पाहिजे. म्हाताऱ्या बाया ‘वारं लागंल’ म्हणून तो बोळ्याने बुजवतात. त्यांच्याशी वाद घालावा लागला तरी घालावा.

या पोल्टरने परत गेल्यावर काय केले असेल? त्याने चाकांवरचे एक अजस्र घर आखले! लांबी पंचावन्न फूट, चाके माणसाच्या दीडपट उंच. १९३९ साली ते जहाजावर चढवून दक्षिण ध्रुवाकडे धाडले. त्यात एक नामी युक्ती होती. इंजिन गार ठेवणारे गरम पाणी साऱ्या घरातून फिरवले होते. म्हणजे विस्तव बाहेरच्या कप्प्यात आणि ऊब तेवढी आत. आतली माणसे पातळ पांघरुणावर झोपत. घर साधले, पण चाके फसली. गुळगुळीत टायर बर्फात जागच्या जागी फिरू लागले. त्यातल्या त्यात गाडी उलटी बरी चाले, म्हणून तिने जो सर्वांत लांबचा प्रवास केला, सुमारे दीडशे किलोमीटरचा, तो मागे मागे जातच केला!

हौस, साहस, शास्त्र हे सगळे झाले. पण ट्रेलरमधल्या हिवाळ्याची खरी कहाणी कामगारांची आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या मिशिगन राज्यात, विलो रन नावाच्या ठिकाणी, शेतजमिनीवर फोर्ड कंपनीचा प्रचंड विमान-कारखाना उभा राहिला. १९४३ साली तिथे ४२,००० माणसे कामाला होती. युद्ध संपेपर्यंत त्या एका कारखान्यातून ८,६८५ बाँबफेकी विमाने बाहेर पडली. विमानांची सोय झाली, माणसांची कोणी केली नव्हती. पुष्कळ कामगार केंटकी, टेनेसी अशा दक्षिणेकडच्या, उबदार मुलखांतून आलेले. जवळ घरे नाहीत. मग तंबू, गराजे, कोंबड्यांच्या खोपट्यांसारख्या झोपड्या आणि शेतकऱ्यांच्या रानात लावलेले ट्रेलर, यांत संसार थाटले गेले. १९४२-४३ चा हिवाळा त्यांनी तसाच काढला. विहिरी आणि शौचकूप इतके जवळजवळ झाले की पाणी दूषित होण्याची भीती आरोग्य अधिकाऱ्यांना वाटू लागली. सरकारी वसतिगृहे आणि ट्रेलरची आखीव वसाहत १९४३ साली आली, आणि त्या सरकारी ट्रेलरांतही नळ-संडास नव्हते. बायकांनी बर्फातून सार्वजनिक न्हाणीघराकडे जावे, बादलीने पाणी आणावे. गोठताना पाणी सुमारे नऊ टक्के फुगते आणि लोखंडी नळही फोडते, तेव्हा बादली परवडली असेही कोणी म्हणेल. महाबळेश्वरला ज्यांनी पहाटे स्ट्रॉबेरीच्या पानांवर गोठलेले दव पाहिले आहे, त्यांनी ते दव सबंध दोन-तीन महिने न वितळता राहिले तर काय होईल ते मनात आणावे.

याच कारखान्यात चार्ल्स लिंडबर्ग, ज्याने एकट्याने अटलांटिक ओलांडला तो वैमानिक, सल्लागार होता. हेन्री फोर्डने १९४२ साली त्यालाही एक ट्रेलर भेट दिला. लिंडबर्ग कुटुंबाने भाड्याने घर घेतलेले होते. ट्रेलर त्यांनी घराजवळ लावला आणि त्याची पत्नी ॲन, जी लेखिका होती, निवांत लिहिण्यासाठी तिथे जाऊन बसे. एकाच कारखान्यातले हे दोन ट्रेलर. मला त्यात कुणाला दोष द्यायचा नाही, पण इतिहास शिकवताना मी हे दोन्ही मुलांपुढे शेजारी शेजारी ठेवतो.

थंड मुलखात ट्रेलरमध्ये कायम राहणाऱ्यांनी पुढे आपापल्या युक्त्या काढल्या. घराखालून वारा खेळतो आणि जमीन बर्फासारखी गार पडते, म्हणून चाकांच्या भोवती फळ्या किंवा पेंढ्याचे भारे लावून खालची पोकळी बुजवायची. गॅसही पारखून घ्यायचा, कारण ब्युटेन शून्य अंशाच्या आसपास आला की टाकीतून उठेनासा होतो, प्रोपेन मात्र उणे बेचाळीसपर्यंत चालतो. आता तर शेगडीची पेटीच अशी करतात की ती हवा बाहेरून घेते आणि धूर बाहेरच सोडते, आणि भिंतीला विषारी वायूची घंटा असते. इतके सगळे करूनही जाणती माणसे हिवाळ्याच्या रात्री छपरावरची झडप बोटभर उघडी ठेवूनच झोपतात.

धुराड्याचा प्रश्न राहिला. मागे एका वर्गात मी तो घातला, तेव्हा शहरातली हुशार मुले वाऱ्याची दिशा, सूर्याची दिशा असे काहीबाही सांगत होती. मागच्या बाकावरून बीडकडचा एक मुलगा उठला. त्याचे आईवडील दर वर्षी बैलगाडी घेऊन कारखान्याला ऊस तोडायला येतात. तो म्हणाला, “सर, गाडी डाव्या अंगानं चालते. झाडं डाव्या हाताला येत्यात. धुराडं डावीकडं असलं तर फांदीला अडकून मोडंल.” उत्तर अगदी बरोबर होते.

तास संपल्यावर मी त्याला थांबवून विचारले, “तुमच्या कोपीत चूल कुठे असते रे?”

“दाराच्या बाहेर, सर. आत पाचट असतं, पेटंल.”

“मग थंडीत काय करता?”

“पाचटावर गोधडी टाकतो. आणि तसंही पहाटे तीनला उठायचं असतं, सर. गाडी भरायची असती.”